दर सेकंदाला किती?

जत्रेत फुगे फुगवणारा माणूस आणि त्या फुग्याची त्रिज्या दर सेकंदाला किती सेंटिमीटरनं वाढते असं विचारणारा माणूस, हे दोघे एकमेकांना कधी भेटत नाहीत ही देवाचीच कृपा म्हणायची. भेटले असते तर पहिल्यानं धंदा सोडला असता. फुगेवाल्याला एकच गणित येतं : फुटायच्या आधी थांबायचं. दुसऱ्याला थांबणं ठाऊकच नसतं. तो बारावीच्या गणिताच्या पुस्तकात राहतो.

त्या पुस्तकातलं जगच न्यारं. तिथली प्रत्येक टाकी गळते, आणि ती असते शंकूच्या आकाराची, टोक खाली केलेली. अशी टाकी मी आजवर एकाही सोसायटीच्या गच्चीवर पाहिलेली नाही. तिथली शिडी भिंतीला टेकवली रे टेकवली की घसरायला लागते. कोणीतरी शांत तळ्यात दगड टाकतो आणि तरंगांकडे बघत बसायचं सोडून वर्तुळाचं क्षेत्रफळ किती वेगानं वाढतंय याची चौकशी करतो. आणि रात्रीच्या वेळी एक माणूस, उंची दीड मीटर, दिव्याच्या खांबापासून दूर दूर चाललेला असतो. तो कुठून आला, कुठं चालला, जेवला की नाही, कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, की त्याची सावली दर सेकंदाला किती लांबते?

हे जग आमच्या घरात घुसलं ते मुग्धा बारावी सायन्सला गेली तेव्हा. धड्याचं नाव मोठं भारदस्त, 'डेरिव्हेटिव्ह ॲज अ रेट मेजर'. त्यातला 'रेट' तेवढा हिच्या कानावर पडला आणि हिनं स्वयंपाकघरातूनच निकाल दिला, "रेटचं काय ते बाबांना विचार. दिवसभर काउंटरवर बसून लोकांना रेटच सांगतात ते."

"आई, तो रेट नाही गं," मुग्धा म्हणाली, "हा बदलाचा रेट. याला चेन रूल लावायचा असतो."

चेन रूल म्हटल्यावर मी सरसावून बसलो. कॉमर्सवाल्याला चेन रूल नवा नाही. आम्हाला एक सोडून तीन ठाऊक असतात. पहिला रेल्वेचा : विनाकारण साखळी ओढली तर १९८९ च्या कायद्याप्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसरा परकीय चलनाचा : रुपयाचा डॉलर, डॉलरचा येन, येनचं आणखी काही, असं करत शेवटी रुपयाचं काय झालं ते काढायचं. तिसरा बँकेच्या भरतीपरीक्षेचा : १२ माणसं रोज ८ तास काम करून एक भिंत १५ दिवसांत बांधतात, तर २० माणसं रोज ६ तास काम करून किती दिवसांत बांधतील? ती माणसं रजा घेत नाहीत, चहाला जात नाहीत, त्यांची युनियन नसते. म्हणूनच ती भिंत १२ दिवसांत होते.

मुग्धानं तिन्ही ऐकून घेतले आणि म्हणाली, "हा चौथा."

हा चौथा मला समजला तो पुस्तकात नव्हे, तर सायकलच्या दुकानात. मुग्धाच्या सायकलची चेन उतरली होती. दुकानदार ती बसवत होता आणि मी नुसताच उभा होतो. नुसतं उभं राहून दातेरी चक्रांचे दाते मोजण्याची मला सवय आहे. पुढच्या चक्राला ४४ दाते, मागच्याला २२. म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की मागच्या चाकाचे दोन होणार. चाकाचा घेर धरा २ मीटर. तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती जाईल? दोन गुणिले दोन, ४ मीटर. आता सेकंदाला पायडलचा एक फेरा मारा, की वेग सेकंदाला ४ मीटर. संपला चेन रूल! पायडलचा परिणाम चाकावर किती, चाकाचा रस्त्यावर किती, हे सुटंसुटं काढायचं आणि गुणायचं. बेरीज नाही करायची, गुणायचं. म्हणूनच साखळीतली एक कडी शून्य असली, म्हणजे चेन उतरलेली असली, की पायडल कितीही मारा, सायकल जागची हलत नाही. सरकारी योजना आपल्यापर्यंत का पोचत नाहीत याचं इतकं सुटसुटीत उत्तर मला दुसरीकडे कुठं मिळालेलं नाही.

पुस्तकात हेच 'डी व्ही बाय डी टी' अशा भाषेत लिहितात. फुग्यात दर सेकंदाला १०० घन सेंटिमीटर हवा भरतोय. हवेमुळे घनफळ वाढतं, घनफळ वाढलं की त्रिज्या वाढते. तर घनफळ काळाबरोबर वाढण्याचा वेग म्हणजे, घनफळ त्रिज्येबरोबर जेवढं वाढतं ते गुणिले त्रिज्या काळाबरोबर जेवढी वाढते ते. लिहिलं की दिसायला असं दिसतं की एकाच्या खालचा 'डी आर' आणि दुसऱ्याच्या वरचा 'डी आर' कट झाले. मुग्धाच्या सरांनी बजावून सांगितलं होतं की हे कट होतात असं म्हणायचं नाही, ते अपूर्णांक नव्हेत. मात्र उत्तर नेमकं कट केल्यासारखंच येतं. म्हणायचं नाही, नुसतं करायचं! हा प्रकार बँकेत इतका रूढ आहे की मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

ही लिहिण्याची तऱ्हा जर्मनीच्या लायब्निझची. त्यानं १६७६ च्या एका टिपणात हा नियम वापरलेला सापडतो, आणि त्या गणितात अधिक-उण्याचं एक चिन्ह चुकलेलं आहे. हे कळल्यावर मुग्धाला जो आनंद झाला तो तिला कुठल्याही बरोबर उत्तरानं झाला नव्हता.

तर, फुगा. हिशेब केला की दिसतं, त्रिज्या ५ सेंटिमीटर असताना ती सेकंदाला सुमारे ०.३२ सेंटिमीटरनं वाढते. तीच १० झाली की वाढ उरते ०.०८. फुंकणारा तोच, हवा तेवढीच, पण फुगा दुप्पट झाला की वाढ पाव होते. सायकलची आणि फुग्याची गंमत वेगळी आहे ती इथं. सायकलच्या चक्राचे दाते सकाळी ४४ तर संध्याकाळीही ४४. फुग्याच्या साखळीतली कडी मात्र फुगा फुगेल तशी स्वतःच बदलत जाते. माझ्या पगाराचं तरी वेगळं काय झालं? पहिल्या नोकरीच्या पहिल्या इन्क्रिमेंटला घरभर पेढे वाटले होते. पुढच्या इन्क्रिमेंटा पासबुकात कधी जमा झाल्या ते पासबुक भरून घेतल्यावर कळायचं. हवा येतच होती, त्रिज्येला काही जाणवत नव्हतं.

मग तो प्रसिद्ध चकवा. पहिल्या चाचणीत मुग्धाचे याच गणितात दोन मार्क गेले. प्रश्नात 'त्रिज्या ५ असताना' असं म्हटलं होतं. पोरीनं पहिल्याच ओळीत त्रिज्येच्या जागी ५ घातले. मग घनफळ झालं एक ठाम आकडा, आणि ठाम आकड्याच्या बदलाचा वेग शून्य. फुग्यात हवा चाललीय आणि उत्तर म्हणतंय फुगा जागच्या जागी! सरांनी लाल शाईनं शेरा मारला होता : 'आकडा शेवटी घालावा.' जे बदलतंय त्याला आधी बदलू द्यायचं, बदलाचं सूत्र लिहून घ्यायचं, आणि मग विचारायचं, बाबा रे, आज तू कुठं आहेस?

मला तो शेरा फार आवडला. आपण बहुतेक माणसांच्या बाबतीत आकडा आधी घालून बसतो. आमच्या शेजारच्या काकूंच्या लेखी त्यांचा बत्तीस वर्षांचा मुलगा कित्येक वर्षं 'अजून लहान' या किमतीला थांबलाय. त्यामुळे त्याच्यात काही बदल होतो आहे असं कोणत्याही पद्धतीनं सिद्ध करता येत नाही.

वेगाला वेग जोडणारी अशी उदाहरणं पाठ्यपुस्तकात आणून कॅल्क्युलस सोपं करण्याची खटपट विल्यम रिची नावाच्या प्राध्यापकांनी १८३६ साली लंडनमध्ये छापलेल्या पुस्तकात केली होती. पण 'या क्षणाला वेग किती' हा प्रश्न आपल्याकडे त्याच्याही कितीतरी आधी पडलेला आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या सिद्धान्तशिरोमणीत 'तात्कालिक गती' हा शब्द आहे. चंद्र एका चालीनं चालत नाही, घडीघडीला वेग बदलतो. दिवसभराची सरासरी धरली तर तिथी संपण्याची वेळ चुकते. म्हणून सरासरी गतीला त्या क्षणाचा गुणक लावून त्या क्षणाची गती काढायची, असं ते सांगतात. तो गुणक येतो कोज्येतून, म्हणजे आजच्या 'कॉस'मधून. कोन किती वेगानं बदलतो गुणिले त्याचा ज्येवर परिणाम किती. कडीला कडी. हे मी आईला सांगितलं. संकष्टीचा दिवस होता. ती म्हणाली, "ते सगळं खरं, पण चंद्रोदय कितीला आहे ते सांग." आकडा शेवटी घालावा हे तिला पटणं त्या दिवशी शक्य नव्हतं.

पण या सगळ्यांत मला खरी बोलकी वाटते ती शिडी. ५ मीटरची शिडी भिंतीला टेकवलेली. तिचा पाया कोणीतरी सेकंदाला १ मीटर अशा एकसारख्या वेगानं बाहेर ओढतंय. (कोण ओढतंय आणि त्याचं घरच्यांशी काय बिनसलंय हे पुस्तकात नाही.) वरचं टोक किती वेगानं खाली येतं? पाया भिंतीपासून ३ मीटरवर असताना टोक ४ मीटर उंचीवर असतं आणि सेकंदाला पाऊण मीटरनं उतरतं. पाया ४ मीटरवर गेला की उतरण्याचा वेग होतो सेकंदाला १.३३ मीटर. ४.९ वर गेला की जवळजवळ ५ मीटर. आणि टोक जमिनीला टेकण्याच्या क्षणी सूत्र म्हणतं, वेग अनंत. पदार्थविज्ञानवाले सांगतात की खरी शिडी त्याआधीच भिंत सोडते, तेव्हा घाबरण्याचं कारण नाही. गणितवाले मात्र शांतपणे पान उलटतात. खाली ओढणाऱ्यानं वेग तसूभरही वाढवलेला नाही. तो आपला पहिल्यासारखाच ओढतोय, आणि वर कडेलोट.

ही शिडी मी २०२३ च्या सुरुवातीला आमच्या काउंटरसमोर उभी राहिलेली पाहिली.

एस.टी.तले एक कंडक्टर होते. पासबुक भरायला यायचे, तेवढीच ओळख. त्या दिवशी हातात घरकर्जाचं पत्र होतं. वर्षभरापूर्वी चाळिसाव्या वर्षी १२ लाखांचं कर्ज घेतलेलं, वीस वर्षांच्या मुदतीचं, व्याज ७ टक्के, रेपो दराला बांधलेलं. म्हणाले, "साहेब, एक हप्ता चुकवलेला नाही. हप्ता वाढलेलाही नाही. मग कर्ज कसं लांबलं? वरच्या मजल्यावर विचारलं, तर म्हणाले सिस्टिम करते."

सिस्टिम करते हे खरंच होतं. रिझर्व्ह बँकेनं मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० वर नेला. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या व्याजाची घरकर्जं बाहेरच्या दराला जोडायची असा नियम आहे, त्यामुळे पहिली कडी एकास एक. रेपो अडीच टक्के वर, तर कर्जाचं व्याजही अडीच टक्के वर. पुढची कडी, हप्त्यातला व्याजाचा वाटा. त्याच्या पुढची, मुद्दल फिटण्याचा वेग. आणि शेवटची, मुदत. हप्ता जैसे थे ठेवला की सगळा भार त्या शेवटच्या कडीवर.

मी पे-इन स्लिपच्या पाठीवर लाखाचा हिशेब मांडला. कर्ज जेमतेम वर्षाचं, मुद्दल जवळजवळ होतं तेवढंच. "मास्तर, लाखाला हप्ता ७७५ रुपये. ७ टक्क्यांना मुदत २४० महिने. अर्धा टक्का वाढला, ७.५ ला २६३. म्हणजे २३ महिने जादा."

"दोन वर्षं. चालेल."

"आणखी अर्धा. ८ ला २९६. जादा ३३. आणखी अर्धा, ८.५ ला ३४७. जादा ५१. आणखी अर्धा, ९ ला ४५८. जादा १११."

मास्तरांनी माझ्या हातून पेन घेतलं. दर वेळी अर्धाच टक्का वाढतोय ना, हे त्यांनी बोट ठेवून तपासलं. मग म्हणाले, "४५८ म्हणजे अडतीस वर्षं. माझं वय होईल अठ्ठ्याहत्तर. आणि साडेनऊला?"

साडेनऊला एका लाखाचं महिन्याचं व्याजच होतं ७९२ रुपये, आणि हप्ता ७७५. मुद्दल फिटायचं राहिलं, उलट महिन्याला १७ रुपयांनी वाढणार. ते कर्ज कधीच संपत नाही. सूत्रात अनंत येतं. मी त्यांना शिडीचं चित्र काढून दाखवलं : खालून ओढणारा एकाच वेगानं ओढतोय, वरचं टोक आधी सावकाश, मग भराभर, मग एकदम.

मास्तर चित्राकडे बघत राहिले. म्हणाले, "साहेब, यात शिडीवर कोण उभं आहे ते काढलेलं नाही."

गणिताच्या पुस्तकावर इतकी अचूक टीका मी कुठं वाचलेली नाही.

मागं रांग वाढत होती. मी म्हटलं, "मुदत वाढवून घेण्याऐवजी हप्ता वाढवायचा अर्ज द्या. साडेनऊला पुन्हा वीस वर्षांवर यायचं, तर लाखाला साधारण १५७ रुपये जास्त." तोंडातून शब्द पडायच्या आत ते म्हणाले, "महिन्याला १,८८४." तिकिटं फाडण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला कॅल्क्युलेटर लागत नाही. थोडा वेळ गप्प उभे राहिले. मग स्वतःशीच म्हणाले, "दोन-चार डबल ड्युट्या. बघू." आणि अर्ज मागितला.

पुढं ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलं की व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की थोडं थोडं दोन्ही, हे कर्जदाराला निवडू द्या, आणि व्याजसुद्धा भागू नये इतकी मुदत ताणू नका. म्हणजे शिडीवर कोणीतरी उभं असतं हे परिपत्रकात आलं. २०२५ च्या फेब्रुवारीपासून रेपो उतरायला लागला आणि जूनपर्यंत १ टक्का खाली आला. मास्तरांनी हप्ता खाली आणला नाही. लाखाचाच हिशेब धरला, तर वाढवलेल्या हप्त्यानं साडेनऊला २४० महिने लागतात, तिथं साडेआठला २०२ पुरतात. तीच साखळी, उलट्या दिशेनं. पासबुक भरायला आले की ते आता मला "शिडी कशी आहे?" असंच विचारतात. शेजारच्या काउंटरवरच्या बाईंची समजूत आहे की आमचं घराच्या रंगकामाबद्दल काहीतरी चाललेलं असतं.

मुग्धाची बारावी झाली. बाहेरगावच्या कॉलेजात नंबर लागला. होस्टेलच्या यादीतल्या बादली-मगापर्यंतच्या वस्तू जमवणं सुरू होतं, आणि ही दर दहा मिनिटांनी "अजून लहान आहे हो ती" असं मला सांगत होती. मी तिला सरांचा शेरा आठवून दिला. त्यावर तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की माझ्याच बदलाचा वेग शून्यावर आला.

रद्दीत घालायच्या वह्या मुग्धा चाळत होती. दिव्याच्या खांबाचं गणित निघालं. खांब साडेचार मीटर, माणूस दीड मीटर, चालण्याचा वेग सेकंदाला १ मीटर. उत्तर अर्धा मीटर. मी म्हटलं, "गंमत बघ. तो खांबाजवळ असो की मैलभर लांब, सावली लांबण्याचा वेग तोच. शिडीसारखं काही होत नाही."

"हो. हे सोपं असतं," ती म्हणाली. "यात फक्त माणसाचं अंतर आणि सावली बदलते. तेवढ्यांचे आकडे शेवटी घालायचे."

"आणि खांब?"

"खांबाचा आकडा पहिल्याच ओळीत घातला तरी चालतो, बाबा," वही रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवत ती म्हणाली, "तो कुठं जात नाही."